ग्लॅमिसच्या वाळूसाठी कोणती साइड-बाय-साइड घ्यावी: आरझेडआर, मॅव्हरिक की टॅलन?

तुम्ही लिहिलंय की फिनिक्सला राहता, घरात चौघं आहात, धाकटा दहा वर्षांचा आहे, हिवाळ्यात कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांत जायचं आहे आणि पोलारिस आरझेडआर प्रो आर, कॅन-अ‍ॅम मॅव्हरिक एक्स३ आणि होंडा टॅलन या तीन साइड-बाय-साइडमध्ये (शेजारी-शेजारी सीटच्या, रस्त्याबाहेर चालवायच्या उघड्या गाड्यांमध्ये) अडकला आहात. मी सॅन डिएगोहून त्याच वाळूत जातो, म्हणून वाळूपुरतंच बोलतो. खडकाळ ट्रेलवर जायचं असेल तर हे उत्तर निम्मं बाद समजा.

आधी निकाल सांगून टाकतो: तुमच्या जागी मी असतो तर चार सीटची, ७२ इंच रुंद एक्स३ मॅक्स घेतली असती, तीही वापरलेली.

वाळूत एचपीला, म्हणजे इंजिनाच्या ताकदीला, फारसा अर्थ नसतो असं ठासून सांगणारे लोक भेटतील. त्यांच्या गाडीत बहुधा दोनच माणसं बसतात. मऊ वाळूत चाक सतत रुतत असतं आणि इंजिनाची बरीच ताकद त्यातच खर्ची पडते. वर चार माणसं, पाण्याचा कॅन आणि समोर चढ! तिथल्या उंच टेकड्या ३०० फुटांपर्यंत जातात. टॅलनचं ९९९ सीसीचं इंजिन साधारण १०४ एचपीचं आहे. दोघांना घेऊन ती मजेत चढते, चौघांना घेऊन चढताना तुम्ही खालूनच वेग धरायला बघता, आणि वाळूत नवख्याने खालून वेग धरणं हीच अपघाताची पहिली पायरी. एक्स३ला ९०० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे. २०१७ मॉडेलला ते १५४ एचपीचं होतं, पुढे टप्प्याटप्प्याने २०० पर्यंत नेलं. प्रो आरला टर्बोच नाही, थेट दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, २२५ एचपी. पाय दाबला की त्याच क्षणी ओढ मिळते, टर्बोसारखी वाट बघावी लागत नाही. चढाच्या टोकाजवळ अंदाज घेत थोडं सोडायचं, थोडं द्यायचं असतं, तिथे हा फरक पायाला जाणवतो. इंजिनापुरतं बोलायचं तर प्रो आर सगळ्यांत सरस, यात मला शंका नाही. पण नवी घ्यायला गेलात तर तीस हजार डॉलरच्या वर जाते, आणि वर्षातले पाच-सहा महिने ती गॅरेजमध्ये धूळ खात पडणार.

आता बेल्टचं. डीलर हा विषय स्वतःहून काढत नाही. पोलारिस आणि कॅन-अ‍ॅमच्या या दोन्ही गाड्यांत अ‍ॅक्टिव्हात असतो तशाच जातीचा रबरी बेल्ट दोन पुलींमध्ये फिरतो, फक्त त्याच्यावर दीडशे-दोनशे एचपीचा भार असतो. वाळू, चार माणसं आणि मागे पॅडल टायर (वाळू उपसायला वल्ह्यासारख्या पट्ट्या असलेले) असले की तो तापतो, आणि तापून तापून तुटतो. मित्राच्या गाडीचा तुटला तेव्हा मी मदतीला होतो. मोठा आवाज झाला, जळक्या रबराचा वास आला आणि गाडी उतारावर गप्प उभी. कव्हर काढल्यावर आत काळ्या दोऱ्यांचा गुंता होता. तो पक्कडीने एकेक दोरा ओढून काढावा लागतो, कारण एखादा क्लचमागे राहिला तर नवा बेल्टही त्याच वाटेने जातो. सगळं तापलेलं असतं, त्यामुळे हातमोजे हवेतच. म्हणून सुटा बेल्ट आणि तो बदलायची हत्यारं गाडीतच ठेवायची, आणि घरी अंगणात एकदा बदलून बघायचा. कॅम्पमध्ये रांगत जाताना लो गिअर टाका, जागेवरून एकदम पाय ठोकू नका. एवढं पाळलं तर बेल्ट बराच काळ साथ देतो.

टॅलनला ही कटकट मुळातच नाही. तिला सहा गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स आहे, बेल्ट नाहीच. यामाहाच्या वायएक्सझेडलाही बेल्ट नाही, पण तिला दोनच सीट, म्हणून तुमच्यासाठी बाद. मॅव्हरिक आर ही कॅन-अ‍ॅमची नवी, २०२४ची गाडी. तिला २४० एचपी आणि सात गिअरचा ड्युअल क्लच आहे. बेल्टही नको आणि ताकदही हवी असेल तर ती, पण पैशाच्या बाबतीत आपण परत प्रो आरच्या गल्लीत आलो. बेल्टची धास्तीच वाटत असेल आणि टेकड्यांच्या कडेकडेने निवांत फिरायचं असेल, तर टॅलन एक्स-४ घ्या, पस्तावणार नाही. फक्त तिची रुंदी ६४ इंच आहे. उताराला आडवं जाताना ७२ इंची गाडी जास्त विश्वासाने बसते.

सस्पेन्शनचं एकच सांगतो. कॅम्पपासून मोठ्या टेकड्यांपर्यंतचा पट्टा गाड्या धावून धावून खाचखळग्यांचा झालेला असतो, त्याला तिथे व्हूप्स म्हणतात. एक्स३चं मागचं चाक लांब ट्रेलिंग आर्मवर, म्हणजे पुढून मागे जाणाऱ्या दांड्यावर, आहे आणि चार सीटच्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतरही जास्त. त्यामुळे व्हूप्सवर ती सरळ जाते, मागच्या सीटवरच्यांची कंबर वाचते. याच लांबीचा तोटा टेकडीच्या धारेवर कळतो. धार निमुळती असेल तर पोट टेकतं आणि चारही चाकं नुसती फिरतात. मग फावडं.

वारा तिथे मुख्यतः पश्चिम-वायव्येकडून येतो. म्हणून टेकडीची ती बाजू साधारण कलती आणि पलीकडची कड्यासारखी तुटलेली. पश्चिमेकडून चढत गेलात तर माथ्यापलीकडे काय आहे ते दिसतच नाही. माथ्याजवळ तिरपं जायचं, वेग मोडायचा, धारेला समांतर होऊन पलीकडे बघायचं, मगच उतरायचं. भर दुपारी सावल्या नसल्याने सगळी वाळू सपाट दिसते, तेव्हा मी तरी खुर्ची टाकून बसतो. गाडीवर काठीला लावलेला झेंडा जमिनीपासून किमान ८ फूट उंच हवा, तो नियमच आहे, आणि पलीकडून येणाऱ्याला तुमचं आधी दिसतं ते हेच.

मागे पॅडल आणि पुढे मधोमध एक उंच कड असलेले गुळगुळीत टायर, असा संच वेगळ्या रिमवर ठेवा. कंपनीच्या टायरवर पहिली फेरी निभते, पण गाडी उगाच जास्त कष्टते.

धाकट्याला घेऊन शोरूममध्ये जा. पाठ टेकून, सीटबेल्ट लावून बसल्यावर पाय तळाला टेकले पाहिजेत आणि प्रवाशाने धरायचं हँडल हातात आलं पाहिजे. नाही आलं तर यंदा तो गाडीत बसणार नाही, मग कितीही रडो. हेल्मेट सगळ्यांनाच. कंपनीने प्रवाशाचं किमान वय सांगितलं असेल तर तेही मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

परमिट १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल लागतं, तेही साइड-बाय-साइडचं नाही, तिला ओढून नेणाऱ्या गाडीचं. महामार्ग ७८च्या उत्तरेला वाइल्डरनेस, म्हणजे गाड्यांना बंद राखीव भाग आहे, तिथे चाक घालायचं नाही. थँक्सगिव्हिंगला पहिली फेरी करू नका, जत्रा असते. जानेवारीत आठवड्याच्या मधला वार बघा.

वापरलेली एक्स३ बघायला गेलात तर किलोमीटर-मैलांवर फार जाऊ नका. बेल्टचं कव्हर काढायला सांगा, पुलीचे चेहरे गुळगुळीत आहेत का बघा. मग एअर फिल्टर काढून त्याच्या इंजिनाकडच्या नळीत बोट फिरवा. बोटाला वाळूची कचकच लागली, तर मालकाने किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी सोडून द्या.