पाश्चात्त्य राजकीय तत्त्वज्ञान वाचायचं आहे. प्लेटोपासून क्रमानेच जायला हवं का?

नको. तुम्ही लिहिलंय की ‘रिपब्लिक’ अर्ध्यात सुटलं आणि आता पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करावं का असा प्रश्न पडलाय. ते तूर्त कपाटातच राहू द्या. प्लेटो, ॲरिस्टॉटल, मॅकियाव्हेली, हॉब्ज, लॉक, रूसो ही माळ स्पर्धा परीक्षेच्या नोट्सना ठीक. एरवी ती डोक्यात टिकत नाही, कारण यातला कोण कोणाशी भांडत होता हेच तिच्यात नसतं. त्यापेक्षा एखादं भांडण निवडा आणि तिथून आत शिरा.

माझ्या आवडीचं भांडण अठराव्या शतकातल्या दोन लेखकांचं: ब्रिटिश पार्लमेंटचा सदस्य एडमंड बर्क आणि इंग्लंडमध्येच जन्मलेला पत्रककार थॉमस पेन. दोघांची ओळख होती आणि अमेरिकन वसाहतींच्या प्रश्नावर दोघांचीही सहानुभूती वसाहतींकडे होती. बर्क तर बंगालचा गव्हर्नर-जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणाऱ्यांचा म्होरक्या. म्हणजे त्याला ‘राजेशाहीचा भाट’ म्हणून निकालात काढता येत नाही. पण फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि नोव्हेंबर १७९० मध्ये बर्कने तिच्याविरुद्ध ‘रिफ्लेक्शन्स ऑन द रेव्होल्यूशन इन फ्रान्स’ हे पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं असं की समाज हा फक्त आज जिवंत असलेल्यांचा नसतो, मेलेल्यांचा आणि अजून जन्माला न आलेल्यांचाही असतो. शतकानुशतकं घडत आलेल्या संस्था कागदावरच्या तत्त्वांसाठी एका फटक्यात मोडल्या, तर हाती काय लागेल याचा भरवसा नाही.

१७९१ मध्ये पेनने ‘राइट्स ऑफ मॅन’चा पहिला भाग काढला. १६८८च्या इंग्लिश पार्लमेंटने पुढच्या सगळ्या पिढ्यांना राजघराण्याशी कायमचं बांधून टाकलं, असा बर्कचा दावा होता. पेन विचारतो, मेलेल्या माणसांना थडग्यातून राज्य करण्याचा अधिकार दिला कोणी? प्रत्येक पिढी स्वतःपुरती मोकळी. बर्कने फ्रान्सच्या राणीसाठी पानभर अश्रू ढाळले होते, त्यावर पेनचा टोला असा की याला पिसाऱ्याची कीव येते, मरणाऱ्या पक्ष्याचा मात्र विसर पडतो. पुढच्याच वर्षी दुसऱ्या भागावरून इंग्लंडमध्ये पेनवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. तोवर तो फ्रान्सला निघून गेला होता.

जिंकलं कोण? मन पेनकडे ओढतं, पण लोकप्रिय सेनापती पुढे येऊन सगळ्यांचा धनी होईल, हे बर्कने नेपोलियनच्या सत्ताग्रहणाच्या नऊ वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. आणि पेन? फ्रेंच कन्व्हेन्शनचा, म्हणजे क्रांतिकाळातल्या संसदेचा, सदस्य म्हणून त्याने सोळाव्या लुईच्या देहदंडाला विरोध केला. राजेपण संपवा, माणूस मारू नका, ही त्याची भूमिका. १७९३च्या डिसेंबरात क्रांतिकारकांनी त्यालाच तुरुंगात टाकलं. एवढं होऊनही १७९७ मध्ये ‘ॲग्रेरियन जस्टिस’मध्ये त्याने जमीनमालकीतून उभ्या राहणाऱ्या निधीतून प्रत्येकाला एकविसाव्या वर्षी पंधरा पौंड आणि पन्नाशीनंतर दरवर्षी दहा पौंड द्यावेत अशी योजना मांडली. तेव्हा त्याला नुसता घोषणाबाज म्हणणाऱ्यांनी हे छोटं पुस्तक जरूर वाचावं.

हे भांडण आपल्याकडेही पोचलं. जोतीराव फुल्यांनी १८४७च्या सुमारास पेन वाचला. आणि २५ नोव्हेंबर १९४९च्या संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या जेफरसनचं अवतरण दिलं, ते नेमकं याच मुद्द्यावरचं: प्रत्येक पिढी हे वेगळं राष्ट्र समजावं, तिने पुढच्या पिढीला बांधू नये. घटनादुरुस्तीची वाट मोकळी ठेवण्याच्या बाजूने त्यांनी ते वापरलं. त्याच भाषणात इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचाही आधार घेऊन त्यांनी बजावलं की माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका.

वाचताना आधी पेनचा पहिला भाग घ्या, मग बर्क. बर्कचं पुस्तक म्हणजे एक लांबलचक पत्र आहे, त्यात प्रकरणंच नाहीत, त्यामुळे दमायला होईल. कंटाळा आला तर मध्ये इंग्लिश लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्ट वाचा. बर्कला उत्तर देण्यात ती पेनच्याही आधी होती, १७९० मध्येच. दोन वर्षांनी स्त्रियांच्या हक्कांवरचं तिचं पुस्तक आलं. मग ‘हक्क येतात कुठून?’ हा प्रश्न छळायला लागला की लॉक उघडा, आणि लॉक फारच भाबडा वाटला की हॉब्ज. प्लेटोची गरज कधी पडेल ते तुमचं तुम्हालाच कळेल.