शुल्क चोवीस हजार, खर्च किती?

वाचकांचे प्रश्न : डोंगरातली सायकल

लांब पल्ल्याच्या एमटीबी (म्हणजे माउंटन बाइक) शर्यतींबद्दल या वेळी आलेल्या पत्रांमध्ये पैशाचाच विषय जास्त आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

नाशिकहून : वय 38, बँकेत नोकरी. माझी सायकल हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे), 29 इंची चाकांची, 12 गिअरची. हिमाचलमधल्या चार दिवसांच्या एका शर्यतीचं शुल्क 24,000 रुपये आहे, त्यात तंबू आणि जेवण आलं. घरचे म्हणतात, एवढ्यात आपण सगळे गोव्याला जाऊन येऊ. नेमका खर्च किती धरू? आणि तो वसूल होतो का?

शुल्क हा एकूण बेरजेच्या निम्म्याहूनही कमी भाग आहे. नाशिकहून जाण्यायेण्याचा प्रवास, सायकलच्या बॉक्ससकट, 12,000. शर्यतीच्या आधी दोन आणि नंतर एक रात्र कुठेतरी राहणं, वरचं जेवण धरून 6,000. सायकलसाठी नवी चेन 2,200, टायरची जोडी 7,000, ब्रेक पॅडचे दोन संच 2,400, सीलंट (ट्यूबलेस टायरमधली भोकं बुजवणारं द्रव) 600, फोर्कची, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनची, खालच्या पायांची सर्व्हिस 2,500 आणि एक जादा डिरेलर हँगर (मागचा गिअर फ्रेमला ज्यावर बसतो तो तुकडा) 800, म्हणजे 15,500. सरावातलं आणि शर्यतीतलं खाणंपिणं 3,000. सगळं मिळून 60,500. दुकानागणिक थोडं इकडेतिकडे होईल.

यातले चेन, टायर आणि फोर्क यांचे 11,700 रुपये तुम्ही शर्यतीला गेला नसतात तरी वर्षभरात गेलेच असते. ते वजा केले की शर्यतीच्या नावावर 48,800 उरतात. घरी हा आकडा सांगा. शुल्काचा आकडा सांगून बाकीचं हळूहळू बाहेर आलं तर पुढच्या वर्षीची परवानगी विसरा.

काटकसर बहुतेक जण चुकीच्या जागी करतात. 12 गिअरच्या चेनमध्ये झीज मोजायच्या मापपट्टीचं 0.5 चं टोक आत गेलं की चेन बदलायची. 'अजून चालतेय' म्हणत 0.75 पर्यंत ओढली तर कॅसेटचे, म्हणजे मागच्या गिअरचक्रांचे, दात त्या ताणलेल्या चेनच्या मापाने झिजतात. त्यावर नवी चेन टाकली की चढावर जोर लावताना ती दातांवरून उडते. मग 2,200 वाचवायला गेलेला माणूस कॅसेटसकट दहा हजारांच्या वर भरतो. नवी चेन शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी टाका, आदल्या रात्री नको. घसरणार असेल तर घराजवळच घसरू दे.

पॅड घेण्याआधी ब्रेकची डिस्क वाचा. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या सायकलींच्या डिस्कवर बारीक अक्षरात 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं असतं. अशा डिस्कवर धातूचे, म्हणजे सिंटर्ड पॅड लावले तर मऊ डिस्कच खरवडून निघते. पण ओल्या चिखलात आणि लांब उतारावर रेझिन पॅड एका दिवसात मागच्या पत्र्यापर्यंत संपू शकतात. म्हणून डिस्क चालत असेल तर सिंटर्ड पॅड, नाहीतर आधी डिस्क बदला. नवे पॅड लावल्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा, चाक लॉक न करता, जोरात वेग कमी करून ते बसवून घ्यायचे. हे न करता थेट घाटात उतरलं की पॅडवर काच चढल्यासारखी चकाकी येते आणि ब्रेक ओरडतो, धरत नाही.

आता वसुली. शुल्कातून तुम्हाला खुणा केलेला रस्ता, डॉक्टर, मागून येणारी स्वीप गाडी, सामानाची वाहतूक आणि रोजचं जेवण मिळतं. चार मित्रांनी गाडी-ड्रायव्हर ठरवून हेच करायचं म्हटलं तर माणशी खर्च फारसा कमी येत नाही, आणि डॉक्टर तर नाहीच. तेव्हा शुल्क आम्हाला महाग वाटत नाही. महाग पडतं ते दुसऱ्या दिवशी वेळमर्यादेत बाद होऊन उरलेले दोन दिवस गाडीत बसणं.

ते टाळायचं तर नोंदणीआधी दोन गोष्टी करा. मागच्या वर्षांचे निकाल काढा. एमटीबी हिमालया 2005 मध्ये सुरू झाली, इतरही काही शर्यती जुन्या आहेत, तेव्हा निकाल बहुधा मिळतील. वरची नावं बघू नका, शेवटून दहाव्या माणसाला किती तास लागले ते बघा. मग लागोपाठ दोन दिवस, शर्यतीच्या रोजच्या अंतराच्या आणि चढाईच्या साठ टक्के, कच्च्या रस्त्याने चालवा. त्र्यंबक-घोटीच्या बाजूला तेवढा चढ सहज जमतो. दुसऱ्या दिवशीचा सरासरी वेग पहिल्यापेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त पडला तर हे वर्ष सोडा आणि जवळच्या एक दिवसाच्या शर्यतीवर पैसे घाला. हे टक्के आमच्या अंदाजाचे आहेत, पण कामाचे आहेत.

न्यू जर्सीहून : कोलोरॅडोतल्या लेडव्हिल ट्रेल 100 एमटीबीच्या लॉटरीत नाव टाकावं का? मूळचा सांगलीचा, इथे समुद्रसपाटीला राहतो, आठवड्याला सात-आठ तास सायकल होते.

लेडव्हिल गावच मुळी 10,152 फुटांवर, म्हणजे 3,094 मीटरवर आहे आणि शर्यतीचा सगळ्यात उंच भाग, कोलंबाइनचा चढ, 3,700 मीटरच्या वर जातो. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला क्लायमॅक्स खाण बंद पडली, गाव रिकामं व्हायला लागलं, तेव्हा लोक निदान एक रात्र तरी इथे मुक्काम करतील या हिशोबाने केन क्लाउबर यांनी 1983 मध्ये धावण्याची शर्यत सुरू केली. सायकलची 1994 पासून. थोडक्यात, तुम्ही तिथे पैसे खर्च करावेत हा या शर्यतीचा मूळ उद्देशच आहे. ऑगस्टमधल्या त्या आठवड्यात गावातल्या खोल्यांचे दर त्याच बेताने चढतात. जवळच्या ब्युना व्हिस्टा गावात राहून पहाटे गाडीने येणं बरं.

खरा खर्च मात्र उंचीचा. समुद्रसपाटीवरून गेलेल्या माणसाची ताकद तिथे ढोबळमानाने पंधरा-वीस टक्क्यांनी घटते. उतारा दोनच : दोन आठवडे आधी जाऊन राहायचं, नाहीतर आदल्या दिवशी पोचून शरीराला कळायच्या आत सुरुवात करायची. चार-पाच दिवस आधी जाणं सगळ्यात वाईट. झोप बिघडलेली असते आणि सवय झालेली नसते. ही 100 मैलांची शर्यत 12 तासांच्या आत पूर्ण केली तर बक्षीस म्हणून पट्ट्याचं बकल मिळतं, 9 च्या आत मोठं. सात-आठ तासांच्या सरावावर 12 तास जमू शकतात, पण 160 किलोमीटरची एखादी शर्यत आधी खाली कुठेतरी साडेनऊ-दहा तासांत होत असेल तरच. होत नसेल तर या वर्षी अर्ज नको. दोन आठवड्यांची रजा जाईल ती वेगळीच.

कोल्हापूरहून : शर्यतीत खायचं परदेशी एनर्जी जेल 150 रुपयांना एक. सात तासांच्या शर्यतीला किती लागतील? घरचं काही चालेल का?

तासाला 60 ग्रॅम कर्बोदकं हा हिशोब धरा. एका जेलमध्ये 22 ते 25 ग्रॅम, म्हणजे तासाला अडीचच्या आसपास, सात तासांना सतरा ते एकोणीस. जवळपास तीन हजार रुपये एका दिवसात पोटात.

घरची बाटली : 750 मिली पाणी, 60 ग्रॅम साखर, पाव चहाचा चमचा मीठ, अर्धं लिंबू. साखर काट्यावर मोजा. पाव चमचा मिठात साधारण 600 मिलिग्रॅम सोडियम येतं, बाटलीला तेवढं पुरे. साधी साखर निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज असते आणि आतडं दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी शोषतं. त्यामुळे सवय केली तर तासाला 60 च्या वरही पचतं. नुसत्या ग्लुकोज पावडरीने मात्र तेवढ्यात पोट फुगतं.

उन्हात तासाला एक बाटली संपते, प्रश्न नाही. थंडीत तहानच लागत नाही, बाटली अर्धी राहते आणि साखरही अर्धीच पोटात जाते. मग चौथ्या तासाला पाय का सुटले ते कळत नाही. थंड जागी त्याच बाटलीत 80 ग्रॅम साखर घाला. पहिल्या निम्म्या भागात केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू चालतो. चिक्की नको, कोरड्या तोंडात ती दाताला बसते आणि खडबडीत उतारावर चावता येत नाही. कॅफिनचे दोन जेल शेवटच्या दोन तासांसाठी विकत घ्या, तेवढा खर्च योग्य आहे. आणि हे सगळं शर्यतीआधी निदान महिनाभर लांब राइडवर घेऊन बघा. नुसतं पाणी पीत राहणं हा उपाय नव्हे. रक्तातलं सोडियम पातळ होऊन गरगरतं, उलट्या होतात, आणि माणूस ते उन्हाने झालं समजून आणखी पाणी पितो.

लातूरहून : ट्यूबलेस केल्यावरही शर्यतीत पंक्चर झालं. ट्यूब घातली, ती दोन किलोमीटरवर बसली. दुसरीही बसली. नवं टायर घ्यावं का?

टायर बहुधा चांगलंच आहे. बाभळीच्या मुलखात ट्यूबलेस टायरमध्ये कितीतरी काटे अडकलेले असतात आणि सीलंटने त्यांच्याभोवतीची भोकं बुजवलेली असतात. बाहेरून काही दिसत नाही. तुम्ही आत ट्यूब घातलीत की तेच काटे एकेक करून तिच्यात घुसतात. म्हणून ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सगळीकडे फडकं फिरवायचं. अडकेल तिथे काटा. तो आतून बाहेर ढकला किंवा पकडीने ओढा. बोटं फिरवू नका, सीलंटने बुळबुळीत झालेल्या टायरात काटा दिसत नाही, बोटातच जातो. उलट, हवा टिकून असताना दिसलेला काटा वाटेत उपटायचा नाही.

पहिलं पंक्चर सीलंट वाळल्यामुळे झालं असणार. 29×2.3 च्या टायरला 100 ते 120 मिली लागतं आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते दोन महिन्यांत कमी होतं. व्हॉल्व्ह खालच्या बाजूला आणून थोडा वेळ थांबा, हवा सोडा, व्हॉल्व्हची आतली पिन काढा आणि बारीक केबल टाय आत घालून गाडीचं ऑइल बघतात तसं बघा. टोक कोरडं आलं तर भरा. व्हॉल्व्हची बाहेरची चकती हातानेच आवळा. ट्यूब घालताना हा व्हॉल्व्ह काढावा लागतो; पकडीने आवळलेली चकती वाटेत सुटत नाही, आणि मग ट्यूब पाठीवर असून उपयोग नाही. बाजूची भिंत फाटली तर टूथपेस्टच्या ट्यूबचा कापलेला तुकडा आतून लावा.

साताऱ्याहून एक आई : मुलगा 17 वर्षांचा आहे. शंभर किलोमीटरच्या शर्यतीत उतरायचं म्हणतो, त्याआधी महाग सायकल हवी म्हणतो. आमच्या आरोग्य विम्यात अपघात झाला तर मिळेल का?

ताई, आधी विमा. भारतातल्या आरोग्य पॉलिसींमध्ये धोकादायक आणि साहसी खेळांचं एक ठरावीक अपवाद-कलम असतं, कोड एक्सक्ल 09. त्यात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या इजेचा खर्च वगळलेला आहे. हौशी मुलाला ते सहसा लागू पडायला नको. तरी बक्षिसाची रक्कम असलेली शर्यत चालेल का, हे कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं 'हो मॅडम' दाव्याच्या वेळी कामाला येत नाही. वैयक्तिक अपघात पॉलिसी आणि प्रवास विमा वेगळे असतात, त्यांत 'शर्यत' हा शब्द शोधा. डोंगरातून उचलून खाली आणण्याचा खर्च कोण देणार, हेही आयोजकांना विचारा.

सायकल आत्ता नको. त्याचं वय ज्युनिअर गटाचं आहे; त्याने लहान फेऱ्यांच्या क्रॉस-कंट्री शर्यती कराव्यात. जिल्हा-राज्य पातळीवर त्या स्वस्तात होतात, राष्ट्रीय स्पर्धेचा रस्ताही तिथूनच जातो आणि उतारावरचं कसब तिथेच येतं. पैसे घालायचेच तर चांगलं हेल्मेट घ्या, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. शंभर किलोमीटर दोन वर्षांनी.

पुण्याहून : 24 तासांच्या शर्यतीत एकटा उतरू की चौघांच्या संघात?

पहिल्यांदा संघात. शुल्क, तंबू, जादा चाकं, दिवे सगळं चौघांत वाटलं जातं. फक्त दिव्यांचा हिशोब नीट करा : कागदावर दोन तास लिहिलेली बॅटरी पूर्ण उजेडावर तेवढी बहुधा जात नाही, म्हणून प्रत्येक रात्रीच्या फेरीला एक भरलेली बॅटरी आणि एक खिशात.

पुण्याहूनच : विमानाने सायकल नेताना काय बिघडतं?

बहुतेक वेळा डिरेलर हँगर वाकतो. डिरेलर सोडवून फुगा-प्लास्टिकात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. डिस्क काढून वेगळ्या ठेवा आणि हायड्रॉलिक ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी अडकवा. नाहीतर वाटेत लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि चाक बसत नाही. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. ट्यूबलेसची सगळी हवा सोडू नका, टायर रिमवरून सुटून सीलंट बॉक्सभर होतं. 10-15 पीएसआय ठेवा. काउंटरवर हवा सोडा म्हणाले तर हे कारण त्यांना सांगा. टायरात हवा भरायच्या छोट्या सीओटू सिलिंडरला एअरलाइनची परवानगी आधी लागते, त्यापेक्षा छोटा पंप न्या.