दम्मामला अनारसे न्यावेत का?

प्रश्न : मुलगी-जावई सौदी अरेबियात दम्मामला असतात. दिवाळीला आम्ही दोघं पहिल्यांदाच त्यांच्याकडे जाणार आहोत. अनारसे, चकल्या, घरचा गोडा मसाला न्यायचा आहे. ह्यांना पायाच्या नसांच्या दुखण्यावर प्रेगाबॅलिन आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम चालू आहे. देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण सोबत असावा असंही वाटतं. ओळखीच्या एक बाई तिथल्या मुलासाठी डबा देणार आहेत. कस्टममध्ये काय अडेल?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : ताई, चकल्या खुशाल न्या. अडतील ते अनारसे.

दारू आणि डुकराचं मांस तिथे चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. (ड्यूटी-फ्रीतली बाटली आणि लिकर भरलेली चॉकलेटंही त्यातच आली.) साधी माणसं अडकतात ती खसखशीत. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. खाऊन नशा होत नाही हे खरं, पण तिथला कायदा तिच्याकडे स्वयंपाकाचा जिन्नस म्हणून बघत नाही. अमली पदार्थांच्या तस्करीला सौदीत देहदंडापर्यंत शिक्षा आहे. पूर्वी विमानात भरायला देत त्या कार्डावरच तशी ताकीद छापलेली असे. अनारशांपायी गोष्ट तिथवर जाणार नाही, पण चौकशीच्या खोलीत बसून राहायची हौस कुणाला?

बॅगा बाहेर पडताना एक्स-रे यंत्रातून जातात आणि डबे उघडायला सांगतात. मी जुबैलला नोकरीत असताना पुढच्या माणसाचा राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा असाच उघडला होता. अधिकाऱ्याने एक लाडू पांढऱ्या कागदावर फोडला, दाणे बोटाने पसरले, चिमटीत धरून दिव्याखाली पाहिले आणि वरिष्ठाला हाक मारली. राजगिरा म्हणजे काय हे दोघांनाही समजावता समजावता तो बिचारा घामाघूम झाला. तेव्हा अनारसे तिळावर थापा, गोड्या मसाल्यात खसखस घालू नका, आणि राजगिरा यावेळी घरीच राहू दे. विकतच्या मसाल्याच्या पाकिटावर बारीक अक्षरात 'पॉपी सीड्स' आहे का, तेही चष्मा लावून वाचा.

गोळ्यांचं प्रकरण याहून नाजूक. तुम्ही लिहिलेली दोन्ही औषधं तिथे नियंत्रित यादीत आहेत. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, हीही तशीच. अशा औषधांसाठी सौदी फूड अँड ड्रग अथॉरिटीच्या संकेतस्थळावर निघण्याआधी परवानगी काढावी लागते. जावयांना बसवा, त्यांना ते सोपं जाईल. डॉक्टरांकडून टाइप केलेली, सही-शिक्क्याची इंग्रजी चिठ्ठी घ्या. तिच्यावर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. आजाराचा अहवाल आणि पासपोर्टची प्रतही लागेल. साठा मुक्कामापुरताच, आणि तोही महिन्याभराच्या आतला. ह्यांच्या गोळ्या सोमवार ते रविवारच्या प्लॅस्टिकच्या डबीत भरून ठेवायची सवय असेल तर प्रवासापुरती मोडा. गोळी मूळ पट्टीतच हवी, नावासकट. कुणी आयुर्वेदिक म्हणून भांग घातलेली गोळी दिली असेल तर ती अजिबात नको.

बाळकृष्ण घरीच ठेवावा असं माझं मत आहे. इस्लामखेरीज दुसऱ्या धर्माच्या जाहीर पूजेला तिथे परवानगी नाही. घराच्या चार भिंतींत तुम्ही हात जोडलेत तर कुणी विचारायला येत नाही, पण विमानतळावर मूर्ती बघून समोरचा अधिकारी काय ठरवेल ते त्याच्या हातात. फोनमध्ये फोटो आणि हरिपाठ ठेवा.

सोन्याचं तुम्ही विचारलं नाहीत, मीच सांगतो. रोकड, सोनं, दागिने यांची किंमत 60,000 रियाल किंवा त्याहून जास्त असेल तर ती जाहीर करावी लागते. म्हणजे चौदा लाख रुपयांच्या आसपास. आजचा सोन्याचा भाव बघता बांगड्या, मंगळसूत्र आणि लेकीसाठी घेतलेला हार मिळून हा आकडा गाठायला वेळ लागत नाही. जाहीर केलं म्हणून लगेच कर बसतो असं नाही. लपवलं तर मात्र दंड.

राहिला त्या बाईंचा डबा. नाही म्हणा. भिडेखातर घ्यावाच लागला तर त्यांच्यासमोर उघडा, प्रत्येक पुडी सोडून बघा आणि आपल्या हाताने परत बांधा. शिवलेलं, चिकटपट्टीने बंद केलेलं काहीही घेऊ नका. तिथे "हे माझं नाही, दुसऱ्याने दिलंय" याला किंमत नसते. बॅग ज्याची, माल त्याचा.