वाचकांचे प्रश्न : धुके, ओले कपडे आणि हरिश्चंद्रगडाची वाट

प्रश्न : माझी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वर्गातील काही जण ऑगस्टमध्ये खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर जाणार आहेत. वाटाड्याची गरज नाही, मोबाइलमधील नकाशा पुरेसा आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. तिला अडवण्याची माझी इच्छा नाही. पण नेमके काय सांगावे?
– एक आई, चिंचवड

उत्तर : तिला अडवू नये, असेच माझेही मत आहे, वाट मात्र बदलायला सांगावी. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे जाणारी वाट लांबची आहे. खिंडीच्या वरचा रेलिंग लावलेला कातळटप्पा सर्वांच्या लक्षात राहतो आणि भीतीही त्याचीच वाटते, परंतु खरी फसगत त्याच्या पुढे होते. तेथून मंदिरापर्यंत एकसारख्या दिसणाऱ्या टेकड्यांची रांग ओलांडावी लागते, मूळ वाटेला जागोजागी ढोरवाटा फुटतात, आणि पावसाळी धुक्यात काही पावलांवरचा सोबतीही दिसेनासा होतो. या परिसरात वाट चुकून माणसे रात्रभर पावसात अडकली आहेत आणि त्यात जीवही गेले आहेत.

सह्याद्रीत गारठ्याने माणूस दगावू शकतो, हे अनेकांना खरे वाटत नाही, कारण येथे बर्फ पडत नाही. परंतु शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की हायपोथर्मिया सुरू होतो, आणि तेवढे उतरण्यास भिजलेले कपडे, माथ्यावरचा वारा, रिकामे पोट आणि दमणूक पुरेशी असते. आधी माणूस कुडकुडतो, मग त्याची जीभ जड होते, पाऊल अडखळते, साधी चेनही बोटांनी लावता येत नाही, आणि तो चिडतो किंवा गप्प होतो. पुढे कुडकुडणे थांबते. सोबत्यांना वाटते की त्याला बरे वाटू लागले; प्रत्यक्षात तीच सर्वांत धोक्याची खूण असते.

अशा वेळी त्याला वाऱ्याच्या आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे चढवावेत, अंगाखाली सॅक किंवा मॅट सरकवावी, कारण भिजलेली जमीन उष्णता झपाट्याने शोषते, आणि तो शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तर गरम व गोड पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत आणि मद्य मुळीच देऊ नये. म्हणून जीन्स घरी ठेवावी, लवकर वाळणारे कपडे घालावेत, आणि प्रत्येकाच्या सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड असावाच. खर्च जवळजवळ काहीच नाही, तरीही बहुतेक तरुण नेमके हेच टाळतात, याचे मला फार वाईट वाटते.

मोबाइलमधील नकाशा अवश्य न्यावा, परंतु ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही आणि रेंज शोधताना बॅटरी लवकर उतरते. अकोले तालुक्यातील पाचनईची वाट जवळची आणि सोपी आहे. पावसाळ्यात नवख्यांनी तीच धरावी आणि गावातील वाटाड्या सोबत घ्यावा. माथा गाठला नसला तरी कोणत्या वेळी मागे फिरायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. दमल्यावर आणि माथा जवळ भासत असताना तो निर्णय होत नाही. ती वेळ आणि जाण्या-येण्याची वाट आपल्याला, तसेच पायथ्याच्या एखाद्या घरी सांगून ठेवावी.

वाट चुकलीच, तर सर्वांनी एकत्र थांबावे. ओढ्याच्या कडेने उतरत गेलो की गाव लागेल, हा हिशेब सह्याद्रीत जिवावर बेततो, कारण येथील कितीतरी ओढे पुढे सरळ कड्यावरून कोसळतात.

प्रश्न : जूनच्या मध्यात पाऊस फारसा नसेल, तर सांदण दरीत उतरावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : उतरू नये. साम्रदजवळची ही दरी म्हणजे उभ्या कातळभिंतींमधील अरुंद घळ आहे. आपल्या डोक्यावर ऊन असतानाही वरच्या डोंगरात पडलेल्या सरीचे पाणी लोंढ्याने आत शिरू शकते, आणि बाजूला सरकायला तेथे जागाच नसते. पावसाळा पूर्ण ओसरल्यावर जावे.

प्रश्न : गडावर साप चावल्यास दंशाच्या वर दोरी आवळून बांधावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बांधू नये, चिरा देऊ नये, रक्त चोखू नये. आवळलेल्या दोरीने रक्तपुरवठा तुटून हात किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. अंगठ्या, कडी, घड्याळ लगेच काढावे, कारण सूज येते. दंश झालेला भाग फळीचा किंवा काठीचा आधार देऊन हलणार नाही असा ठेवावा आणि शक्य असेल तर रुग्णाला चालवण्याऐवजी उचलून खाली आणावे. रेंज मिळताच १०८ किंवा ११२ वर फोन करावा. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते, त्यामुळे उपचारासाठी साप सोबत नेण्याची गरज नसते. निघण्यापूर्वी मात्र पायथ्यापासून जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष उपलब्ध आहे, याची चौकशी करून तो पत्ता सर्वांनी लिहून घ्यावा.