प्रशांत महासागराकाठचं विद्यापीठ अटलांटिकच्या गटात कसं?

प्रश्न : माझा मुलगा बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकतो. तिथल्या अमेरिकन फुटबॉलचं त्याला वेड लागलंय आणि त्याच्यामुळे मलाही. त्यांचा संघ 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये खेळतो म्हणे. बर्कली तर प्रशांत महासागराच्या बाजूला! लॉस एंजेलिसचे संघ आणखी तिसऱ्याच गटात. मुलाला विचारलं तर 'आई, टीव्हीचा पैसा' एवढंच सांगतो. नीट समजावून द्याल का?
– एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : ताई, मुलाचं उत्तर बरोबर आहे, फक्त आखूड आहे.

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी आपसात केलेला गट. हंगामात एका संघाचे साधारण बारा सामने होतात, त्यातले आठ-नऊ गटातल्याच संघांशी. पूर्वी हे गट प्रवासाची सोय बघून व्हायचे. 1915 मध्ये बर्कली, वॉशिंग्टन, ओरेगन आणि आज ज्याला ओरेगन स्टेट म्हणतात ते शेती महाविद्यालय, अशा चौघांनी मिळून पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स काढली. त्याच परंपरेतून पुढे पॅक-12 हा गट झाला. आज त्या चौघांतलं बर्कली अटलांटिकच्या गटात आहे, वॉशिंग्टन आणि ओरेगन 'बिग टेन' या गटात गेलेत आणि ओरेगन स्टेट मागे राहिलंय.

टीव्ही कंपनी एकेका विद्यापीठाशी करार करत नाही. नोत्र दाम हा त्याला ठळक अपवाद, त्यांचा एनबीसीशी 1991 पासून स्वतंत्र करार आहे. बाकीच्यांचा करार गटाशी होतो. गट पैसे घेतो आणि सभासदांत वाटतो. त्यामुळे संघ कितीही चांगला खेळला, तरी टीव्हीकडून काय मिळणार हे तुम्ही कुठल्या गटात बसलाय त्यावर ठरतं. कमाई वाढवायची तर गट बदलायचा. त्यातही एक अट असते. करार संपेपर्यंत आपले प्रक्षेपण हक्क विद्यापीठाने गटाच्या नावे करून दिलेले असतात. म्हणून ही स्थलांतरं करार संपायच्या तारखेकडे डोळे लावून होतात. पॅक-12चा करार 2024 मध्ये संपला आणि गटही त्याच वर्षी फुटला. टेक्सास आणि ओक्लाहोमा यांना थांबायचं नव्हतं. 'बिग 12' या गटातून एक वर्ष लवकर सुटण्यासाठी त्या दोघांना मिळून 10 कोटी डॉलर मोजावे लागले.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. 1984 पर्यंत सगळ्या कॉलेज फुटबॉलचं प्रक्षेपण एनसीएए ही राष्ट्रीय संस्था विकायची. कुठलाही संघ दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर दिसणार नाही असा नियम होता. घरबसल्या सामना दिसला तर मैदानावर कोण येणार, या भीतीपोटी पन्नासच्या दशकात ही बंधनं आली. 1981 मधल्या एका आठवड्याची हकिगत न्यायालयाच्या निकालपत्रातच नोंदलेली आहे. ओक्लाहोमा विरुद्ध सदर्न कॅलिफोर्निया हा दोन तगड्या संघांचा सामना दोनशेच्या आसपास केंद्रांवर दाखवला गेला. त्याच वेळी सिटाडेल विरुद्ध ॲपलाचियन स्टेट हा सामना फक्त चार केंद्रांवर दिसला. चारही संघांच्या हातात रक्कम मात्र सारखीच पडली.

मोठ्यांना हे सलत होतं. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया कोर्टात गेले आणि 27 जून 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी एनसीएएची मक्तेदारी मोडली. विरोधात मत देणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कॉलेज फुटबॉलचे नामवंत खेळाडू होते. शिक्षणाचा भाग असलेल्या खेळाकडे कोर्ट निव्वळ धंदा म्हणून बघतंय, हा त्यांचा आक्षेप होता. कायद्याने बहुमताचं बरोबर होतं असं मी मानते. प्रेक्षकांना जास्त सामने मिळाले, हा फायदाही खरा. पण ही वाट कुठे जाणार हे त्या दिवशी व्हाइट यांना जेवढं दिसलं, तेवढं इतर कुणाला दिसलं नाही. सारख्या वाट्याचा तो सामना खेळलेले ओक्लाहोमा आणि सदर्न कॅलिफोर्निया, दोघांनीही 2024 मध्ये आपापले जुने गट सोडले.

मधल्या काळात केबल आली. आपल्याकडे 2019 मध्ये ट्रायचे नवे नियम येण्याआधी केबलवाल्याचं महिन्याचं बिल कसं असायचं ते आठवा. न बघितलेल्या वाहिन्यांचे पैसेही त्यात यायचेच. अमेरिकेत नेमकं तेच. 'बिग टेन'ने 2007 मध्ये स्वतःची वाहिनी काढली. गटाचं विद्यापीठ ज्या राज्यात, तिथल्या प्रत्येक केबल-घरामागे वाहिनीला जास्त दर मिळायचा, मग त्या घरात कुणी फुटबॉल बघो न बघो. म्हणून 2014 मध्ये रटगर्स आणि मेरिलँड आत आले. दोघांचे संघ फार मोठे होते अशातला भाग नाही. रटगर्समुळे न्यूयॉर्कच्या बाजूची घरं हाती लागत होती आणि मेरिलँडमुळे वॉशिंग्टन डीसीच्या बाजूची.

पुढची पायरी मला जवळून समजते, कारण मुंबईत एका क्रीडा वाहिनीत मी बरीच वर्षं सामन्यांचं वेळापत्रक लावत होते. आमच्या टेबलावर आठवड्याचा तक्ता असायचा, आडवे वार आणि उभे तास. त्या तक्त्याला गाव, परंपरा, जुनं वैर काही कळत नाही. त्याला फक्त रिकामी चौकट कळते. स्लॉट रिकामा राहिला की जाहिरात विभागातून फोन आलाच म्हणून समजा. आता 'बिग टेन'चा 2022 मध्ये जाहीर झालेला करार त्या तक्त्यावर ठेवून बघा. फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी, सात वर्षं, 7 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या घड्याळाने शनिवारी दुपारी बाराची वेळ फॉक्सची, साडेतीनची सीबीएसची, रात्रीची एनबीसीची. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊ, मग एक, मग पहाटे पाच. उरते ती पूर्वेकडची रात्री साडेदहाची वेळ. ती भरायला न्यूयॉर्क-शिकागोकडचा संघ चालत नाही. तिथे पश्चिम किनाराच लागतो, कारण लॉस एंजेलिसला तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्यात लॉस एंजेलिस म्हणजे देशातली दुसऱ्या क्रमांकाची टीव्ही बाजारपेठ. तिथल्या सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए या दोन्ही विद्यापीठांनी 30 जून 2022 रोजी 'बिग टेन'मध्ये जायचं जाहीर केलं, त्यामागे हे गणित होतं.

लॉस एंजेलिस गेल्यावर पॅक-12कडे विकायला फारसं उरलं नाही. ॲपलचा प्रस्ताव आला, तो मुख्यतः स्ट्रीमिंगचा होता आणि वर्गणीदार किती मिळतात यावर कमाई अवलंबून होती. विद्यापीठांना तो भरवशाचा वाटला नाही. 4 ऑगस्ट 2023 या एका दिवसात पाच विद्यापीठं बाहेर पडली. ओरेगन आणि वॉशिंग्टन 'बिग टेन'कडे गेली, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा 'बिग 12'कडे. कोलोरॅडो आठवडाभर आधीच निघालं होतं.

तुमच्या मुलाचं विद्यापीठ आणि शेजारचं स्टॅनफर्ड यांना कुणी बोलावेना. अखेर 1 सप्टेंबर रोजी अटलांटिकवाल्यांनी दार उघडलं, पण अटी घालून. पहिली सात वर्षं या दोघांना टीव्हीच्या पैशांतला साधारण 30 टक्केच वाटा मिळायचा आहे. त्यांच्याबरोबर आत आलेल्या डॅलसच्या सदर्न मेथडिस्टने तर नऊ वर्षं हा वाटा सोडून दिला. आणि यूसीएलए व बर्कली ही एकाच सरकारी विद्यापीठाची दोन अंगं असल्यामुळे यूसीएलएने बर्कलीला तीन वर्षं दरसाल 1 कोटी डॉलर द्यावेत, असं त्यांच्या नियामक मंडळाने ठरवलं. धाकटा वेगळा निघाला म्हणून थोरल्याला भरपाई द्यायची, असाच तो ठराव आहे.

ऑक्टोबर 2024 मधला बर्कली-मायामी सामना तुम्ही पाहिला असेल. नव्या गटातला बर्कलीचा घरच्या मैदानावरचा तो पहिला सामना. आपल्याकडे रविवारी सकाळी आठला सुरू झाला. बर्कली 35-10 असं पुढे होतं आणि 39-38 असं हरलं. तो संपला तेव्हा मायामीत रात्रीचे दोन वाजून गेले होते. तक्त्याच्या हिशेबाने मात्र शेवटची चौकट छान भरली.

आता मला खरं सांगायचंय ते. फुटबॉलचा संघ आठवड्यात एक सामना खेळतो. खास विमानाने जातो, परततो, हंगामात परगावचे पाच-सहा सामने. त्याचं फार बिघडत नाही. पण गट बदलला की त्याच्यामागून व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकरच्या मुलीही फरपटत जातात, ज्यांच्यासाठी टीव्हीने वेगळा असा पैसा मोजलेला नसतो. बर्कलीच्या मुलींना आता बॉस्टन, सिराक्यूज, नॉर्थ कॅरोलायना इथे खेळायला जावं लागतं. घड्याळात तीन तासांचा फरक, वर्ग बुडणार ते वेगळेच. मी स्वतः कॉलेजात व्हॉलीबॉल खेळले आहे. रात्रीच्या गाडीने परत येऊन सकाळच्या प्रॅक्टिकलला उभं राहणं काय असतं हे मला माहीत आहे, आणि आमचं अंतर तर पुणे-नाशिकएवढंच असायचं. फुटबॉलपुरता एक गट आणि बाकी खेळांना जवळचा दुसरा, असं करायला कुणी अडवलेलं नाही. नोत्र दाम इतर बहुतेक खेळ अटलांटिकच्या गटात खेळतं आणि फुटबॉल स्वतंत्र ठेवतं. वाट होती. ती धरली नाही याचा मला राग येतो.

प्रश्न : एवढ्या पैशांतून खेळाडूंना काय मिळतं?
– एक विद्यार्थी, कल्याण

उत्तर : फार काळ फक्त शिष्यवृत्ती. शिक्षण, राहणं आणि जेवण. प्रशिक्षकांचे पगार वर्षाला लाखो डॉलरवर गेले तरी मैदानावरच्या मुलाने हौशी राहायचं, हाच नियम होता. तो कोर्टातच खिळखिळा झाला. जुलै 2021 पासून खेळाडूंना आपलं नाव आणि छायाचित्र वापरून जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. मग 'हाउस' नावाच्या खटल्यातली तडजोड जून 2025 मध्ये मंजूर झाली. आता विद्यापीठ स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. घाम गाळणाऱ्याला वाटा मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ही रक्कम उभी करायची म्हणजे टीव्हीचा मोठा करार पाहिजे, म्हणजे परत मोठा गट पाहिजे. त्यामुळे ही पळापळ इतक्यात थांबेल असं मला वाटत नाही. अटलांटिकच्या गटाने तर 2025 मध्ये फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांच्याशी तडजोड करताना, ज्याचे सामने जास्त बघितले जातात त्याला जास्त वाटा, असं सूत्र मान्य केलं. सिटाडेल आणि ओक्लाहोमाला सारखी रक्कम देणारी पद्धत आणि हे सूत्र यांत चाळीसच वर्षांचं अंतर आहे.

प्रश्न : आपल्या विद्यापीठांच्या स्पर्धांनाही टीव्हीचा पैसा मिळावा असं तुम्हाला वाटतं का?
– निवृत्त क्रीडाशिक्षक, गिरगाव

उत्तर : हो सर, वाटतं. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक 1935च्या सुमारापासून खेळला जातोय आणि आज किती जणांना त्याचा विजेता माहीत असतो? दुसरीकडे आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचे हक्क 48,390 कोटींना गेले. पैसा आहे, तो कॉलेजच्या मैदानापर्यंत पोचत नाही.

अमेरिकेच्या 1984 सारखा निकाल आपल्याकडे 1995 मध्ये लागला. 1993 च्या हिरो कपावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन यांच्यात वाद झाला होता. प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आणि क्रिकेटचा बाजार खुला झाला. विद्यापीठांची पाळी कधीतरी येईल. त्या दिवशी टेबलाच्या पलीकडे बसणारा माणूस तक्ता घेऊनच येणार, मी त्याच खुर्चीत बसलेली आहे म्हणून सांगते. त्याला गुरुवारी रात्रीची चौकट भरायची असेल, आणि तुमच्या मुलांची शुक्रवारी सकाळी परीक्षा असेल. म्हणून सामन्याचा वार आणि वेळ ठरवायचा शेवटचा अधिकार विद्यापीठाचा, हे कलम रकमेच्या आधी लिहून घ्यावं. दुसरं कलम वाटणीचं. क्रिकेट किंवा कबड्डीमुळे जे मिळेल त्यातला ठरलेला हिस्सा खो-खो, व्हॉलीबॉल आणि मल्लखांबाच्या प्रवासखर्चासाठी बाजूला निघालाच पाहिजे, आणि तो करारातच आकड्यात लिहिलेला हवा. नंतर बघू म्हटलेला हिस्सा कुणाला मिळालेला मी पाहिलेला नाही.