लूप रेकॉर्ड झाल्यावर टेम्पो बदलला, तर आवाजाचं काय होतं?

तुम्ही विचारलंय की लूपरवर (भरलेला तुकडा पुन्हापुन्हा वाजवणारं यंत्र) टेम्पो सिंक, म्हणजे लूपची लय टेम्पोशी बांधलेली, चालू ठेवून एक लूप भरला आणि मग टेम्पो बदलला, तर आधीचं रेकॉर्डिंग खराब होतं का. भरलेला आवाज सहसा तसाच राहतो, फरक पडतो तो वाजताना.

समजा, १०० च्या टेम्पोला (मिनिटाला १०० मात्रा) तीनतालाचं एक आवर्तन भरलंत. १६ मात्रा, म्हणजे ९.६ सेकंद. टेम्पो १२० केलात की तेच आवर्तन ८ सेकंदांत बसवायचं. लूपरने ते जुन्या टेपसारखं नुसतं भरभर फिरवलं, तर सूरही चढतो. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी तीनच्याही किंचित वर जातं. एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमधला ‘री-पिच’ हेच करतो.

खरा त्रास छोट्या बदलाने होतो. एकदा कार्यक्रमात माझा आलापीचा लूप चालू होता आणि उठाव यावा म्हणून मी टेम्पो १०० वरून १०४ केला. लूप साधारण पाऊण पट्टीला थोडा कमी, एवढा वर सरकला. म्हणजे कुठल्याच पट्टीत नाही. पेटीवाल्याला साथच करता येईना, शेवटी तो लूप बंद करावा लागला.

दुसरी पद्धत टाइम स्ट्रेचची. यात आवाजाचे बारीक तुकडे करून ते जवळ आणतात किंवा ताणतात, त्यामुळे सूर जागेवर राहतो. पण तबला खूप ताणला की ‘धा’ची थाप बोथट होते, कधी तर एकाच्या दोन थापा ऐकू येतात. बासरीचा लांब स्वर खरखरतो. हेडफोन लावून ऐका, लगेच कळेल.

सिंक बंद असेल, तर आवाजाला काहीच होत नाही, पण लूप लयीला सोडतो. १०४ ला तेच आवर्तन ९.२३ सेकंदांचं, तुमचा लूप मात्र ९.६ चाच. दुसऱ्या आवर्तनाअखेर सम एका मात्रेहून जास्त हुकलेली असते.

म्हणून मी तानपुऱ्याचा लूप नेहमी सिंकबाहेर ठेवतो. त्याला मात्रेशी देणंघेणं नाही, टेम्पो कितीही हलवा, सूर ढळत नाही. तबला, टाळ्या, बीटबॉक्स सिंकमध्ये. गाण्याचा लूप टेम्पो पक्का झाल्याशिवाय भरतच नाही.

ओव्हरडब, म्हणजे जुन्या लूपवर नवा थर भरणं, मात्र जपून करा. री-पिचमध्ये टेम्पो वाढवून त्यावर नवा थर भरलात, तर तो थर चढलेल्या सुराशी जुळलेला असतो. टेम्पो मागे आणलात की जुना थर मूळ पट्टीत येतो आणि नवा त्याच्या बरोबरीने खाली उतरतो. दोन्ही एकाच ट्रॅकवर असतील, तर ते नंतर वेगळे करता येत नाहीत. त्यामुळे अशा वेळी नवा थर दुसऱ्या ट्रॅकवर भरा.