मँचेस्टरहून एका दिवसात यॉर्क: सासू-सासरे, दोन मुलं आणि खरेदी, सगळं जमेल का?

पुण्याहून सासू-सासरे आलेत, मुलं सात आणि अकरा वर्षांची, यॉर्क बघायचंय आणि परत नेण्यासाठीची खरेदीही त्याच दिवशी उरकायचीय, असं तुम्ही लिहिलंय. जमतं. आम्ही लीड्सला राहतो, यॉर्क रेल्वेनं जेमतेम पंचवीस मिनिटं, त्यामुळे भारतातून कुणीही आलं की यॉर्कची फेरी ठरलेली. फक्त एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: इथली बहुतेक दुकानं संध्याकाळी पाच-साडेपाचला बंद होतात. दिवसभर फिरायचं आणि दिवेलागणीला लक्ष्मी रोड गाठायचा, ही आपली सवय इथे कामाची नाही. खरेदी दुपारीच करा. जे फुकट आणि उघड्यावर आहे, ते संध्याकाळसाठी ठेवा.

आधी तिकिटाचं. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढा. एका कार्डावर चार मोठी आणि चार मुलं जातात. मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सवलत मिळते. तुम्ही चार अधिक दोन, म्हणजे सगळे एकाच कार्डात बसता. गाडी घेऊन येणार असाल तर गावात शिरूच नका. गावाबाहेर पार्क अँड राइडला लावा आणि बसनं या.

सकाळी उतरल्या उतरल्या नॅशनल रेल्वे म्युझियम. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि प्रवेश फुकट. मुलं 'मॅलार्ड'समोर उभी राहतील. १९३८ साली हे इंजिन ताशी १२६ मैल पळालं, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर, आणि वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. जपानची जुनी बुलेट ट्रेनही तिथे आहे, आत बसता येतं. पण सासऱ्यांना मात्र आठवणीनं त्या अवाढव्य काळ्या चिनी इंजिनाकडे न्या. ते १९३५ साली इंग्लंडमध्येच, व्हल्कन फाउंड्रीत बनलं आणि चीनला गेलं. इतकं उंच-रुंद, की इंग्लंडच्या रुळांवर चालवताच येणार नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे जी पहिली गाडी धावली, तिची इंजिनंही याच कारखान्यातली. आमचे बाबा रेल्वेतले नव्हेत, काही नव्हेत, पण हे ऐकल्यावर त्या चाकांपाशी असे रेंगाळले की शेवटी हाताला धरून बाहेर आणावं लागलं. दोन तास धरून चला. स्वच्छ स्वच्छतागृहं आहेत, बाकंही भरपूर. ज्येष्ठ मंडळी सोबत असताना हे आधी बघायचं असतं.

दुपारी गावात या. डबा आणला असेल तर म्युझियम गार्डन्समध्ये हिरवळीवर बसा, बाजूला सेंट मेरीज ॲबीचे पडके दगडी खांब आहेत. तिथे दशम्या-चटणी काढून बसलात तरी कुणी वळून बघत नाही. डबा नसेल तर शॅम्बल्स मार्केटमधल्या टपऱ्यांवर शाकाहारी काहीतरी मिळतंच. बेटीज हे इथलं नावाजलेलं चहाघर, पण बाहेरची रांग बघून सासूबाईंना तिथे उभं करू नये असं माझं मत. त्यांच्याच दुकानात काउंटरवरून केक बांधून घेता येतो. अंडं चालत नसेल तर आधी विचारा, तिथल्या बहुतेक गोड गोष्टींत असतं.

आता सगळ्यात महत्त्वाची युक्ती: जेवणानंतर कुटुंबाचे दोन भाग करा. एकानं मुलांना घेऊन यॉर्विक व्हायकिंग सेंटरला जायचं (वेळ आधीच आरक्षित करा, नाहीतर खोळंबा होतो). १९७६ ते १९८१ या काळात त्याच जागी उत्खनन झालं आणि हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. त्या गल्ल्यांमधून पाळण्यासारख्या गाडीत बसवून फिरवतात, तेव्हाच्या वासांसकट. एका व्हायकिंगची वाळून दगड झालेली विष्ठाही काचपेटीत ठेवली आहे. सात वर्षांच्या मुलाला दिवसभरातलं नेमकं तेच लक्षात राहणार, तयारी ठेवा. वास आणि अंधार आजी-आजोबांना नको असतो, म्हणून दुसऱ्यानं त्यांना घेऊन तेवढ्यात खरेदी करायची. पार्लमेंट स्ट्रीट आणि कॉपरगेट तिथून दोन पावलांवर. स्वेटर, मोजे, बनियनं जे काय न्यायचं ते तिथे उरकतं.

'परदेशी पाहुण्यांना टॅक्स परत मिळतो ना?' हा प्रश्न सासरे विचारणारच. मिळत नाही. २०२१ पासून ब्रिटनमधल्या दुकानांतली ही सोय बंद झाली आहे. पूर्वी येऊन गेलेल्या कुणी काहीही सांगितलं असलं तरी पावत्या जपत बसू नका.

चॉकलेट मात्र घ्या, पण शोभेच्या दुकानातून नको, साध्या सुपरमार्केटमधून घ्या. किटकॅट याच गावात राउनट्रीच्या कारखान्यात १९३५ साली जन्मलं, हे भाचरांना सांगायला बरं. पण ते तर आपल्याकडे कोपऱ्यावर मिळतं. त्यापेक्षा टेरीजचं संत्र्याच्या फोडींचं चॉकलेट न्या. तेही मूळ यॉर्कचं, आता इथे बनत नाही.

आणि गुडरमगेट चुकवू नका. या रस्त्यावर चॅरिटी शॉप्स आहेत, लोकांनी दान केलेल्या वस्तू विकून पैसे समाजकार्याला देणारी. 'वापरलेलं कशाला आणायचं' असं सासूबाई म्हणतील. आमची आईही म्हणाली होती. मग तिनं कपबशांच्या फळीवरचा एक पातळ बोन चायनाचा कप उचलला, उजेडाकडे धरून बोटांची सावली आरपार दिसते का पाहिलं, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला, उलटा करून तळाचा शिक्का वाचायला माझा चष्मा मागितला, आणि बाकीच्या पाच बशा कुठे आहेत असं काउंटरवरच्या आजीबाईंना चक्क मराठीत विचारलं. त्यांनी आतून शोधून आणल्या. (घासाघीस करू देऊ नका, पैसे दानाला जातात.) त्याच रस्त्यावर एका कमानीतून आत गेलं की होली ट्रिनिटी हे जुनं चर्च लागतं, लाकडी कप्प्यांसारखी बाकं असलेलं. उघडं असलं तर पाय टेकायला याच्याइतकी शांत जागा नाही.

शॅम्बल्सची गल्ली बघायची, पण तिथे खरेदी करायची नाही. पूर्वी ती खाटकांची होती; दुकानांवर मांस टांगायचे लोखंडी आकडे अजून आहेत, वरचे मजले पुढे इतके झुकलेले की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवावेत. सध्या तिथे हॅरी पॉटरछाप जादूच्या छड्या विकतात आणि दुपारी पाऊल ठेवायला जागा नसते. दगड उंचसखल आहेत, सासूबाईंना बूट घालायला सांगा, चपला नकोत.

मिन्स्टर, म्हणजे इथलं कॅथेड्रल, बघायला तिकीट लागतं. काचचित्रांची आवड असेल तर ते वसूल होतं. पूर्वेची खिडकी १४०५ ते १४०८ मधली आणि टेनिस कोर्टाएवढी आहे. आवड नसेल तर संध्याकाळची गायनप्रार्थना ऐका. बहुतेक दिवशी साडेपाचच्या सुमारास असते आणि तिला तिकीट नाही. धर्म कुठला असं कुणी विचारत नाही. मुलं तासभर गप्प बसतील का, ते तुमचं तुम्ही बघा.

त्यानंतर बूथम बार या वेशीपाशी तटावर चढा आणि मंक बारपर्यंत चाला. तट फुकट आहे, अंधार पडेपर्यंत उघडा असतो, आणि हा तुकडा मिन्स्टरच्या मागून, लोकांच्या बागांच्या वरून जातो. पायऱ्या चढ्या आहेत आणि काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही, धाकट्याचा हात सोडू नका. गुडघे दुखत असतील तर सासूबाईंना खालीच बसवा. हा क्रम उन्हाळ्याचा झाला. डिसेंबरात चारलाच अंधारतं, तेव्हा तट सकाळी घ्या.

वार शक्यतो आठवड्यातलाच निवडा. रविवारी मोठी दुकानं कायद्यानं सहाच तास उघडी असतात. शनिवारच येणार असाल तर आधी यॉर्क रेसकोर्सचं वेळापत्रक बघा, कारण घोड्यांच्या शर्यती असल्या की परतीच्या गाडीत उभं राहायलाही जागा नसते आणि निम्मा डबा प्यायलेला असतो.